मानमोड्याचे हात

ह्यांचं काहीतरी बिनसलंय हे मला ह्यांच्या तोंडून नाही, शर्टांवरून कळलं. मी लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर असते. दिवसभर परक्या माणसांचे शर्ट माझ्या हाताखालून जातात आणि कोण धांदरट, कोणाचं पोट सुटलंय, कोण जेवताना पेपर वाचतो, हे शर्ट न विचारता सांगतो. आमच्या घरचे शर्ट धुवायला पडायचे तेव्हा त्यांची सगळी बटणं सुटलेली असायची. मग वरचं एक सोडून बाकीची लावलेलीच दिसायला लागली. म्हणजे हे शर्ट डोक्यातून काढत होते आणि डोक्यातूनच घालत होते. विचारलं तर म्हणाले, वेळ वाचतो. उभा जन्म लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवलेला माणूस, आणि ह्याला बटणापाशी वेळ वाचवायचा होता. मी म्हटलं, वाचलेल्या वेळेचं काय लोणचं घालणार आहात? ते हसले आणि विषय बदलला. विषय बदलण्यात ह्यांचा हात धरणारा अजून मला भेटायचाय.

त्यानंतर मी डोळ्यांत तेल घालून पाहायला लागले. चहाचा कप आता दोन्ही हातांनी धरला जायचा. डाव्या पायातली चप्पल मागे राहायची आणि ह्यांना ते पुढे गेल्यावर कळायचं. जिना उतरताना भिंतीला हात. एकदा बोलता बोलता म्हणून गेले की हल्ली फरशी गादीसारखी लागते. डॉक्टरकडे चला म्हटलं की ठरलेलं उत्तर, वय झालं. पन्नाशी नुकती ओलांडलेल्या माणसानं वय झालं म्हणावं, तेही नको त्या वेळी, ह्याचा मला मनस्वी राग येतो.

आमचं सलून दोन खुर्च्यांचं. काचेच्या दाराजवळच्या खुर्चीवर हे आणि आतल्या खुर्चीवर माझा धाकटा भाऊ. आईवडील गेल्यावर तो माझ्याकडे आला आणि कुठल्याच कामात त्याचं बूड टिकेना. एका ठिकाणी साहेबाशी वाजलं, दुसऱ्या ठिकाणी झोप लागली. शेवटी ह्यांनीच त्याला दुकानात उभं केलं. फुगा फुगवून त्याला फेस लावायचा आणि तो न फोडता वस्तऱ्यानं साफ करायचा, असं शिक्षण. माझ्या घरात महिनाभर फुगे फुटत होते. मग एके दिवशी हे स्वतःच खुर्चीत बसले, मान मागे टाकली आणि म्हणाले, आता माझी कर. त्यानं हनुवटीखाली पहिल्याच फिरवणीत कापलं आणि वस्तरा हातात धरून तसाच थिजला. ह्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. तुरटी लाव आणि पुढं चल, एवढंच म्हणाले. माझा भाऊ त्या दिवशी माणसात आला असं मी मानते.

पुढे त्याला गिऱ्हाइकांनी नाव ठेवलं, मानमोड्या. दाढी झाली की तो गिऱ्हाइकाचं डोकं तळव्यांत धरायचा, एक हात हनुवटीखाली, एक मागे. हळूहळू गोल फिरवत राहायचा, काहीबाही बोलत राहायचा, आणि माणूस गाफील झाला की एक झटका. कटकन आवाज. मग दुसऱ्या बाजूला. माणूस सुस्कारा सोडून खुर्चीत सैल पडायचा. ही कला त्याला ह्यांनीच शिकवली होती, पण चेला गुरूच्या पुढे गेला. एक पोस्टमन तर केवळ तेवढ्यासाठी यायचा, कारण कापण्यासारखं त्याच्या डोक्यावर काही उरलंच नव्हतं.

दुकान बंद करण्याचीही त्यांची रीत होती. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की केस झाडायचे, वस्तरे पुसायचे, टॉवेल माझ्यासाठी पिशवीत भरायचे, आणि मग दोघांनी एकमेकांची मान मोडायची. आधी भावानं ह्यांची, मग ह्यांनी त्याची. दिवसभर वाकून उभं राहिल्याचा शीण तिथल्या तिथे उतरतो म्हणायचे. वर्षानुवर्षं, एकही दिवस न चुकता. दोघांचं भांडण झालं असलं तरी मान मोडली जायची आणि भांडण मिटायचं. त्या आवाजानं माझ्या अंगावर काटा यायचा, पण मी कौतुकच करत आले.

एका संध्याकाळी हे घरी आले ते कोपऱ्यावरचं शटर, मग खांब, मग आमची भिंत असं धरत धरत. बसल्यावर सांगितलं, की आज मान मोडल्यावर पाठीतून पायांपर्यंत वीज गेली. अलीकडे खाली वाकलं तरी जाते, पण आज जरा जास्तच. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातातून कात्री निसटली आणि गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडली. लागलं नाही कोणाला. पण दुपारी हे लाँड्रीच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, चल, कुठल्या डॉक्टरकडे जायचं तिकडे.

नेहमीच्या डॉक्टरांनी पुढे पाठवलं, तिथून मणक्यांच्या सर्जनबाईंकडे. शिडशिडीत, कमी बोलणारी बाई. ती पाठमोरी झाली तेव्हा हे माझ्या कानात कुजबुजले, मागून केस वाकडे कापलेत हिचे. तिथे बसूनही ह्यांना तेवढंच दिसत होतं. बाईंनी मूठ उघडायला आणि मिटायला सांगितली, जमेल तितक्या भराभरा, आणि स्वतः घड्याळाकडे बघत मोजत राहिल्या. ह्यांची बोटं थंडीनं आखडल्यासारखी उघडत होती आणि करंगळी दर वेळी मागे राहत होती. मला बघवेना. मग त्यांनी मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारली, तर अंगठा आपोआप उडाला. गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, तर पाय असा उसळला की समोरचं स्टूल सरकलं. हे म्हणाले, पाय अजून चपळ आहे म्हणायचा. बाई हसल्या नाहीत. तो मेंदूचं ऐकेनासा झालाय म्हणून उसळतोय, असं म्हणाल्या.

मग पडद्यावर फोटो लावले. मानेच्या मणक्यांना आतून, मज्जारज्जूच्या पुढच्या बाजूनं, वरपासून खालपर्यंत एक पट्टा असतो. सगळ्यांनाच असतो, मऊ. ह्यांचा तो हाडाचा झाला होता. वर्षानुवर्षं जाड होत होत त्यानं आतली जागाच खाल्ली होती. मज्जारज्जू गोल हवा, तो एका ठिकाणी पार चपटा झाला होता, पायजम्याच्या नाडीवरून मी चुकून इस्त्री फिरवली की ती दिसते तसा. त्यातूनच हातापायांना जाणारं सगळं जातं, बाई म्हणाल्या. कशामुळे झालं, ते नक्की कोणालाच सांगता येत नाही. गोळीनं ते विरघळत नाही. ऑपरेशन एवढाच मार्ग. मागच्या बाजूनं मणक्यांच्या कमानी एका कडेला कापायच्या, दुसऱ्या कडेला बिजागरीसारख्या ठेवायच्या आणि दारासारख्या उघडून छोट्या पट्ट्यांनी तशाच अडकवायच्या. म्हणजे मज्जारज्जूला मागे सरकायला जागा मिळते. हे म्हणाले, दार कायमचं उघडंच? बाई म्हणाल्या, कायमचं.

मग ह्यांनी विचारायचं ते विचारलं.

"वस्तरा धरता येईल?"

ऑपरेशन करायचं ते आणखी बिघडू नये म्हणून, असं बाई म्हणाल्या. गेलेलं काही परत येईल. किती, ते त्या सांगू शकत नव्हत्या. चालणं आधी सुधारतं. बोटांचं बारीक काम सगळ्यात शेवटी, आणि सगळं परत येईलच असं नाही. काहींचा ऑपरेशननंतर खांदा काही महिने उचलत नाही, तेही आत्ताच ऐकून ठेवा. आणि तोवर पडायचं नाही, मानेला झटका बसू द्यायचा नाही. ह्या मानेला एक झटका पुरे आहे, गळ्याखालचं सगळं जाऊ शकतं.

"मालिश करून घेता? मान मोडून घेता?" त्यांनी विचारलं.

"नाही," हे म्हणाले.

माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. ह्यांनी टेबलाखाली माझा पाय दाबला. चप्पल सुटलेली न कळणाऱ्या पायाला तेवढं मात्र अचूक जमलं.

बाहेर पाण्याच्या कूलरपाशी मी ह्यांना धरलं. खोटं का बोललात म्हटलं. तर म्हणे, आता मोडून घेणार नाही, झालं. मी म्हटलं, त्याला सांगायला हवं.

"त्याला नाही सांगायचं," हे म्हणाले. "माझे हात गेले ते गेले. त्याला कळलं तर त्याचेही जातील. भ्यालेल्या हातात वस्तरा राहत नाही. मी शिकवलंय त्याला, मला माहितीये तो कसा आहे."

"आणि मोडली त्यानं तर?"

"मी बघतो ना."

माझं डोकं फिरलं. माझाच भाऊ, आणि त्याला माझ्यापासून जपणं चाललं होतं. वर मी गप्प बसायचं, चेहरा हसरा ठेवायचा. पण ह्यांची हनुवटी थरथरत होती, आणि त्या हनुवटीपुढे माझं काही चाललं नाही. हाताची शीर दबलीय, तिचं ऑपरेशन आहे, असं आम्ही भावाला सांगितलं. मानेचा शब्द काढला नाही.

मग हे रोज दुकान बंद व्हायच्या आधी निघायला लागले. कधी डोकं दुखायचं, कधी मी बोलावलेलं असायचं. मी कोणाला बोलावत नव्हते. भाऊ एकदा लाँड्रीत आला, टेबलाशी घुटमळला आणि म्हणाला, "ताई, दाजींना माझा राग आलाय का? खुर्चीत बसतच नाहीत. शीर दबलीय तर मान मोकळी केली की बरंच वाटेल ना त्यांना." माझी इस्त्री कोणाच्या तरी कॉलरवर तशीच राहिली आणि कॉलर पिवळी पडली. मी एवढंच म्हटलं की ऑपरेशन होईपर्यंत राहू दे. का, ते नाही सांगितलं. आणि कारण न सांगता घातलेली मनाई माझ्या भावानं आजवर कधी पाळली होती?

हॉस्पिटलात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी लवकर निघाले, ह्यांना दुकानातून आणायला. एकट्यानं रस्ता ओलांडणं आता ह्यांना जमत नव्हतं. काचेच्या दारातून पाहिलं तर दुकान रिकामं, दिवे लागलेले, केस झाडून झालेले, आणि हे आपल्या खुर्चीत. उद्या हॉस्पिटलात जायचंय म्हणून भावानं ह्यांचे केस कापले होते, दाढी केली होती आणि तोंडावर गरम टॉवेल ठेवला होता. टॉवेलानं डोळे झाकलेले. हे पार सैलावले होते. आणि भावाचा एक हात टॉवेलाच्या कडेनं हनुवटीखाली सरकत होता, दुसरा मागे गेलेला. तो काहीतरी बोलत होता, हसतही होता. डोकं गोल फिरायला लागलं होतं.

आमचं दार अडकतं. त्याला खालून लाथ द्यावी लागते. मी लाथ दिली, ओरडले, काय ओरडले ते मला आठवत नाही, आणि हातातली डब्याची पिशवी भावाच्या मनगटावर हाणली. तो मागच्या कपाटावर आदळला. पावडरचा डबा पडून पांढरं पांढरं झालं. ह्यांनी टॉवेल काढायला हात वर नेला, तर तो बोटांत धरला जाईना.

"मानेचं ऑपरेशन आहे ते," मी म्हटलं. "मानेचं. आतून हाड वाढलंय. एक झटका बसला असता ना, तर हा माणूस जन्मात उठला नसता."

भाऊ मनगट चोळत उभा होता. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं, आणि ते कळताना मी त्याचा चेहरा पाहिला. तो मला आता कितीही पुसला तरी पुसता येत नाही.

"आजवर दिले ते?" त्यानं विचारलं.

टॉवेल ह्यांच्या मांडीवर पडला होता.

"मीच शिकवलं तुला," हे म्हणाले. "मीच बसत होतो. तू काय केलंस त्यात?"

भावानं दोन्ही हात अॅप्रनच्या खिशात घातले. आम्ही निघेपर्यंत बाहेर काढले नाहीत. दिवे मी बंद केले, शटर मी ओढलं.

भरतीच्या वेळी मी सर्जनबाईंना सगळं सांगून टाकलं. ह्यांनी माझ्याकडे रागानं बघायचा प्रयत्न केला, पण मानेला पट्टा बांधलेला असल्यामुळे ह्यांना माझ्या बाजूला वळताच आलं नाही. बाईंनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत, फक्त ह्यांना म्हणाल्या की निदान डॉक्टरशी तरी खोटं बोलू नये. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी माझ्या मनातलं बोललं होतं.

ऑपरेशन लांबलं. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग होती. मी एका टोकाला आणि भाऊ दुसऱ्या टोकाला, हात मांड्यांखाली दाबून. मी चहा आणला तर त्यानं घेतला नाही. मला त्याची दया येत होती आणि त्याच वेळी त्याला फाडून खावंसं वाटत होतं. लहानपणी मी त्याला कडेवर घेऊन फिरवलेलं, आणि आता एका खुर्चीइतकंही माझ्यानं जवळ सरकवत नव्हतं. माणसाचं मन असं असेल असं मला वाटलं नव्हतं.

सर्जनबाई टोपी काढत बाहेर आल्या. ऑपरेशन ठीक झालं होतं. कमानी उघडल्यावर मज्जारज्जू मागे सरकला आणि त्याची धडधड दिसायला लागली, असं त्या म्हणाल्या. त्या वळल्या तेव्हा भाऊ उठून पुढे झाला.

"ते माझ्यामुळे झालं का?"

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या खिशात गेलेल्या हातांकडेही.

"हाड कोणाच्या हातानं वाढत नाही," त्या म्हणाल्या. "ते ह्यांच्या अंगातच होतं."

"आणि झटके?"

"झटक्यांनी नुकसान झालं असेल, नसेलही. ते मोजायला माझ्याकडे काही नाही. शेवटचा तुम्ही दिला नाहीत, एवढंच मला माहीत आहे."

भावाला हो किंवा नाही हवं होतं. हो म्हटलं असतं तर तो एकदाचा कोसळला असता, नाही म्हटलं असतं तर उठून उभा राहिला असता. हे मधलंच घेऊन जन्म काढायचा कसा? आणि खरं सांगायचं तर मलाही ते हो हवं होतं. कोणावर तरी मनसोक्त चिडता आलं असतं.

शुद्ध आल्यावर ह्यांनी आधी पायाची बोटं हलवून पाहिली. दोन दिवसांनी उभं केलं तर म्हणाले, फरशी फरशीसारखी लागते. मी खाली बसून रडले. लोक बघत होते, बघेनात का. पण त्याच दिवशी उजवा खांदा गेला. हात कोपरापासून हलायचा, वर मात्र उचलेना. बाईंनी आधी सांगितलं होतं, तरी सांगितलेलं ऐकणं आणि लोंबकळणारा हात बघणं ह्यात फरक आहे. बहुतेकांचा परत येतो, बाई म्हणाल्या. ह्या बहुतेकांची मला चीड यायला लागली होती. बहुतेकांच्यात आपला माणूस आहे की नाही, ते कोणी सांगत नाही.

घरी आल्यावर व्यायाम सुरू झाले. मूठ उघडायची, मिटायची. लाँड्रीत कोणी न्यायला न आलेला एक शर्ट मी आणला आणि खुर्चीच्या पाठीला चढवला. हे त्याच्यासमोर बसून बटणं लावायचे आणि काढायचे. मी स्वयंपाकघरातून बघायचे आणि दात आवळायचे, कारण मदत करायची नाही असं बजावलेलं होतं. एक बटण लागायला इतका वेळ लागतो हे मला ह्या वयात कळलं.

दुकानाचं रोज विचारायचे. मी म्हणायचे, चाललंय. चाललं नव्हतं. भावानं त्या दिवसापासून वस्तरा हातात घेतला नव्हता. दाढीला मशीन लावायचा, तीही वरवर, आणि मानेच्या बाजूला आलं की हात थांबायचा. पोस्टमन खुर्चीत डोकं पुढे करून बसला तर ह्यानं त्याच्या गळ्याचं कापड सोडलं आणि जा म्हटलं. एकेक माणूस दुसरीकडे जायला लागला. भाऊ आता दुकानातच झोपायचा, घरी यायचा तो दारातूनच टॉवेलांची पिशवी देऊन परत. ह्यांच्यासमोर एकदाही आला नाही.

शेवटी मला खोटं रेटता येईना, मी सांगितलं. ह्यांनी हातातलं बटण सोडून दिलं.

"सांगितलं होतं मी तुला," हे म्हणाले. "त्याचे हात जातील म्हणून."

मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, मी ओरडले नसते तर आज हे बोलायला तुम्ही बसला असता का? तुम्ही त्याला आधी सांगितलं असतंत, तर त्यानं तुमच्या मानेला बोट तरी लावलं असतं का? हात जपताय म्हणे. त्याच्या हातून काय झालं असतं, त्याचा विचार केलात? आमच्या लग्नापासूनचं सगळ्यात मोठं भांडण ते. ह्यांना मान हलवता येत नव्हती, म्हणून ऐकून घेताना नजर समोरच ठेवावी लागली. शेवटी म्हणाले, नाही केला. एवढंच.

मानेचा पट्टा निघाला तोवर ह्यांची दाढी साधूबुवासारखी वाढली होती. मला मशीन लावू देत नव्हते. सलूनवाल्याच्या घरात हा अवतार, मी रोज म्हणायचे. पट्टा निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाले, दुकानात जाऊ. भिंत न धरता जिना उतरले. मी मागे दोन पायऱ्या ठेवून, हात पुढे करून, पण लावला नाही. रस्त्यावर दोन्ही चपला पायात होत्या.

दुकानात पोस्टमन बाकावर पेपर वाचत बसला होता, निव्वळ सवयीनं आलेला. भाऊ स्वच्छ फरशी पुन्हा झाडत होता. ह्यांना बघून तो झाडू हातात धरून तसाच थांबला. हे आपल्या खुर्चीकडे गेले, हळू बसले, आणि डाव्या हातानं शर्टाचं वरचं बटण सोडायला लागले. कोणी पुढे झालं नाही. बटण सुटलं. मग त्याच्या खालचं. ह्यांनी कॉलर आत दुमडली तेव्हा मानेमागचा लांब व्रण खुर्चीमागे उभ्या भावाला आरशात नाही, समोरच दिसला.

"दाढी कर," हे म्हणाले.

"मशीन आणतो."

"वस्तऱ्यानं."

"हात थरथरतो दाजी माझा."

"माझाही थरथरतो. दोघांत तुझा बरा आहे."

पोस्टमननं पेपर खाली ठेवला. भाऊ माझ्याकडे बघायला लागला, ताईनं नको म्हणावं म्हणून. म्हणणारही होते. त्याच्या हातात धार, आणि समोर तीच मान. पण ह्यांची पाठ अशी ताठ झाली की हे कोणाचं ऐकत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी कपाटातलं कापड काढलं, झटकलं आणि ह्यांच्या गळ्याभोवती बांधलं.

आधी कात्रीनं दाढी उतरवली. मग फेस. नवं पातं घालताना ते त्याच्या हातून दोनदा निसटलं. गाल झाले. गळ्याशी आला तेव्हा अडचण कळली. ह्यांना मान मागे टाकता येत नव्हती, पूर्वीसारखी आता कधीच येणार नव्हती. भाऊ इकडून वाकला, तिकडून वाकला, आणि शेवटी खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसला. खालून वर बघत त्यानं डाव्या हाताचं एक बोट ह्यांच्या हनुवटीखाली लावलं. ते तिथेच राहिलं बराच वेळ. मग वस्तरा चालला, थांबला, पुन्हा चालला. दुकानात नुसता खरखर आवाज होता.

हनुवटीखाली फेसात लाल रेघ उमटली. भावाचा हात हवेत राहिला. तोंड पांढरंफटक पडलं, ओठ हलायला लागले, तो बोलणारच होता, इतके दिवस साठलेलं सगळं.

ह्यांनी डोळे उघडले नाहीत.

"तुरटी लाव," म्हणाले, "आणि पुढं चल."

भावानं तुरटी ओली केली आणि लावली. नाक बाहीला पुसलं. मग पुढच्या फिरवणीसाठी तेच बोट पुन्हा हनुवटीखाली ठेवलं. मी भिंतीला टेकून उभी होते. कापडाखाली काहीतरी हलत होतं म्हणून पाहिलं, तर ह्यांची बोटं उघडत होती आणि मिटत होती, सावकाश, करंगळी मागे ठेवून. मी मोजलं नाही.